सुती धाग्यात केबलचं फडकं: मध्ये आवळतं, टणक होतं, वाळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका ताईंनी बहिणीने अमेरिकेहून आणलेल्या जाड सुती धाग्यात, तिकडच्याच नमुन्यावरून, भांडी पुसायचं केबलचं फडकं विणलं (केबल म्हणजे टाके एकमेकांवरून ओलांडून पाडलेली उठावाची वेणी). नमुन्यात ८ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या, म्हणून घरातल्या ८ नंबरच्या सुया घेतल्या. ४४ टाके, सहा टाक्यांच्या चार केबल, दर चौथ्या ओळीला पीळ, खाली-वर गार्टरची, म्हणजे सगळ्या ओळी सुलट विणलेली, किनार. फडकं डमरूच्या आकाराचं झालं. हाताला टणक लागतं, प्रत्येक केबलच्या डाव्या कडेचा टाका ढिला दिसतो, पीळ घालताना बोटं दुखली, आणि धुऊन वाळत घातलं तर दुसऱ्या दिवशीही दमटच. "लोकरीत माझ्या केबल नीट येतात, मग इथेच काय बिघडलं?" असं त्यांनी विचारलंय.

ताई, तुमचा हात बिघडलेला नाही. तुमच्या तक्रारी पाच दिसतात, पण त्यातल्या बऱ्याचशा एकाच ठिकाणाहून येतात: केबल हा लोकरीसाठी घडलेला प्रकार आहे आणि तुम्ही तो सुतावर लोकरीच्याच मापाने वापरलात. लोकरीचा तंतू मुळात नागमोडी असतो. ओढला की लांबतो, सोडला की परत येतो. दोन टाके दोन टाक्यांवरून ओलांडताना त्यांना जी जास्तीची लांबी लागते ती लोकर स्वतःच्या लवचीकपणातून देते. सूत ती देत नाही. मग ती लांबी शेजारच्या टाक्यांतून ओढली जाते, काही टाके आवळतात, काही ढिले पडतात आणि सगळा ताण बोटांवर येतो. म्हणून सुतात केबल करायची तर ती लांबी आपणच आधी पुरवून ठेवायची. पुढचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

पण त्याआधी सुयांचं बघू, कारण तिथे निव्वळ नंबरांचा घोटाळा झालाय. आपल्याकडे सुयांना जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन नंबर बरोबर उलटे, नंबर वाढला की सुई जाड. अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी. आपली ८ नंबर म्हणजे ४ मिमी. नमुन्याने ५ मिमी मागितली होती आणि तुम्ही ४ मिमीने विणलंत. जाड सुती धाग्याला एक मिलिमीटरचा हा फरक फार होतो, टणकपणाचा मोठा वाटा त्याचाच. दोन्ही पद्धतींत एकच नंबर जुळतो, तो ७ : दोन्हीकडे ४.५ मिमी. बाकी अमेरिकन ६ म्हणजे ४ मिमी, तर आपली ६ नंबर ५ मिमी. त्यामुळे परदेशी नमुना हातात आला की नंबर सोडून द्या आणि मिलिमीटर शोधा. सुईवर मिमी छापलेलं नसेल तर सुयांचं माप घ्यायची भोकांची पट्टी मिळते, ती एकदा घेऊन ठेवा.

फडक्यासाठी मी ४.५ मिमी, म्हणजे ७ नंबरच घेते. ५ मिमीवर हाच धागा विणला तर केबलच्या कडेला भोकं दिसायला लागतात आणि फडकं पाण्याने जड झालं की लोंबतं. पण हे हातावर अवलंबून आहे. तुम्ही मुळात घट्ट विणत असाल तर ५ मिमीच बरी. माप असं ठेवा: साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) १० सेंटीमीटरमध्ये १८ टाके बसायला हवेत. २० बसले तर सुई बदला. स्वेटरसाठी नमुन्याचा तुकडा विणून धुऊन मोजणं आवश्यक असतं, फडक्यासाठी मी तो विणायला सांगत नाही. पहिलं फडकंच नमुना समजा. फार तर ते ओट्याऐवजी गॅसच्या शेगडीला जाईल.

आता डमरूचा हिशोब. पीळ पडला की केबलचे टाके एकमेकांवर चढतात आणि जागा कमी घेतात. ढोबळ मानाने चार टाक्यांची केबल तीन टाक्यांची जागा घेते, सहा टाक्यांची केबल चार टाक्यांची. तुमच्याकडे सहाच्या चार केबल आहेत, म्हणजे आठ टाक्यांची रुंदी गेली. ४ मिमीवर १० सेंटीमीटरला २० टाके धरले तर ४४ टाक्यांची गार्टर किनार २२ सेंटीमीटर भरते आणि मधलं अंग ३६ टाक्यांइतकं, म्हणजे १८ सेंटीमीटर. चार सेंटीमीटरचा हा फरक ओढून, ताणून, इस्त्री करून जात नाही. दर चौथ्या ओळीला पीळ दिल्यामुळे तो आणखी वाढलाही असेल.

उपाय सोपा आहे. किनारीला कमी टाके घ्या आणि केबल सुरू होण्याच्या आधीच्या ओळीत प्रत्येक केबलच्या जागी टाके वाढवा. चारच्या केबलला एक, सहाच्या केबलला दोन. वरच्या किनारीआधी तेवढेच कमी करा. बऱ्याच फुकट नमुन्यांत हे दिलेलंच नसतं, कारण ते नमुने लोकरीच्या विणकामातून उचललेले असतात आणि लोकरीत हा फरक पाणी मारून, टाचण्या लावून बराचसा झाकता येतो.

दुसरा बदल केबलच्या रुंदीत करायचा. सुती फडक्याला सहा टाक्यांची केबल मी घेत नाही. तीन टाके तीन टाक्यांवरून नेताना पिळाच्या पोटाशी भोक पडतं आणि तिथे कापड फारच जाड होतं. चारची केबल, दोनावर दोन, पुरेशी उठून दिसते. तिसरा बदल अंतरात. लोकरीत नेम असा धरतात की जितक्या टाक्यांची केबल तितक्या ओळींनी पीळ: चारची असेल तर दर चौथ्या ओळीला. सुतात त्यात दोन ओळी वाढवा, म्हणजे चारच्या केबलला दर सहाव्या ओळीला. वेणी थोडी लांबट दिसते, पण टाक्यांना श्वास मिळतो आणि बोटंही वाचतात.

वाळत नाही त्याचं कारणही यातच आहे. ज्या आयरिश स्वेटरांमुळे केबल जगभर पोचली ते आयर्लंडच्या पश्चिमेच्या आरन बेटांवरचे, वारा आणि पाऊस सोसणाऱ्या माणसांसाठीचे. तिथे कापड जाड होणं, वेण्यांमध्ये हवा अडकणं हाच फायदा होता. भांडी पुसायच्या फडक्यात तोच तोटा ठरतो. तुमच्या फडक्यात ४४ पैकी २४ टाके केबलमध्ये होते, अर्ध्याहून जास्त अंग दुहेरी जाड. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत असं फडकं वाळणारच नाही, पावसाळ्यात तर वास मारायला लागेल. एकूण टाक्यांच्या एक तृतीयांशाहून कमी टाके केबलमध्ये ठेवा. उरलेल्या जागेत साबुदाणा वीण, म्हणजे एकाआड एक सुलट-उलट टाक्यांची दाणेदार वीण, घाला. तिचे बारीक उंचवटे खरकटं, साबणाचा फेस चांगला उचलतात, आणि तिला ना कडा वळतात ना ती आवळते.

धाग्याबद्दल थोडं. तुमच्याकडे आलेली गुंडी ७१ ग्रॅमची असेल आणि लेबलवर साधारण १०९ मीटर लिहिलं असेल, तर तो लिलीचा 'शुगर एन क्रीम' किंवा त्याच जातीचा धागा आहे. तिकडे फडक्यांसाठी हाच सर्रास वापरतात, योग्य आहे. अशा एका फडक्याला ४० ते ४५ ग्रॅम लागतो. इथे घ्यायचा असेल तर मॅट दिसणारा, फार न चमकणारा सुती धागा बघा. क्रोशाच्या रुमालांचा चमकदार मर्सराइज्ड दोरा फडक्याला नको. तोही कापूसच, पण घट्ट पिळलेला आणि वरचे बारीक तंतू जाळून गुळगुळीत केलेला, त्यामुळे ताटावरचं पाणी तो टिपण्यापेक्षा पुढे ढकलतो. शिवाय सुईवरून टाके सरकतात ते वेगळंच. चारपदरी मॅट सूत मिळालं तर दोन धागे एकत्र धरून विणा, जाडी साधारण जमते. मात्र दोन्ही धाग्यांत सुई गेली की नाही हे प्रत्येक टाक्याला बघावं लागतं.

"कॉटन" लिहिलेल्या बऱ्याच गुंड्यांत निम्मं अॅक्रिलिक असतं, विशेषतः बाळांच्या कपड्यांसाठीच्या मऊ धाग्यात. शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, सिंकजवळ, पेटवून बघा. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते. अॅक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. ते फडक्याला दोन कारणांनी नको: पाणी पीत नाही, आणि गरम कढई धरायला फडकं घेतलंत तर हाताला चिकटेल.

आता मी देते तो नमुना. तीन केबल, दोन साबुदाण्याच्या पट्ट्या, दोन्ही कडांना तीन-तीन गार्टरचे टाके. साधारण २१ सेंटीमीटरचा चौकोन होतो.

४.५ मिमीच्या सुयांवर ३७ टाके घाला. टाके फार आवळू नका. घट्ट पडत असतील तर टाके घालायला ५ मिमीची सुई घ्या.

पहिल्या पाच ओळी सगळे टाके सुलट.

सहावी ओळ वाढवायची, ही उलट बाजूची ओळ: ६ सुलट, १ वाढवा, १२ सुलट, १ वाढवा, १२ सुलट, १ वाढवा, ७ सुलट. सुईवर ४० टाके. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचला आणि त्यात मागून सुई घालून सुलट विणा. मागून विणल्याने त्याला पीळ बसतो आणि भोक राहत नाही. धागा नुसता पुढे घेऊन वाढवलात तर तिथे जाळी दिसेल.

इथून सहा ओळींची फेरी सुरू. साबुदाण्याची पट्टी पाच टाक्यांची आहे आणि ती प्रत्येक ओळीला सारखीच: १ सुलट, १ उलट, १ सुलट, १ उलट, १ सुलट. टाके विषम आहेत म्हणून सुलट बाजू असो की उलट, हाच क्रम चालतो. खाली तिला नुसतं "साबुदाणा ५" लिहिते.

ओळ १ (सुलट बाजू): ३ सुलट, २ उलट, ४ सुलट, २ उलट, साबुदाणा ५, २ उलट, ४ सुलट, २ उलट, साबुदाणा ५, २ उलट, ४ सुलट, २ उलट, ३ सुलट.

ओळ २ (उलट बाजू): ५ सुलट, ४ उलट, २ सुलट, साबुदाणा ५, २ सुलट, ४ उलट, २ सुलट, साबुदाणा ५, २ सुलट, ४ उलट, ५ सुलट.

ओळ ३: ओळ १ सारखीच, फक्त तिन्ही ठिकाणच्या "४ सुलट" ऐवजी पीळ. दोन टाके केबल सुईवर (टाके तात्पुरते धरून ठेवायची जादा सुई) घेऊन पुढे ठेवा, पुढचे दोन सुलट विणा, मग केबल सुईवरचे दोन सुलट विणा.

ओळ ४: ओळ २ सारखी. ओळ ५: ओळ १ सारखी. ओळ ६: ओळ २ सारखी.

केबल सुई पुढे ठेवली की वेणी डावीकडे झुकते, मागे ठेवली की उजवीकडे. दोन बाहेरच्या वेण्या एकमेकींकडे झुकाव्यात असं वाटत असेल तर एकीला पुढे, दुसरीला मागे ठेवा. ते केवळ दिसण्याचं आहे.

या सहा ओळी आठ वेळा करा, म्हणजे ४८ ओळी. मग फडकं टेबलावर सपाट ठेवून मोजा, न ताणता. पुढे वरच्या किनारीचे साधारण पावणेदोन सेंटीमीटर येणार आहेत ते धरा. धरून झाल्यावर लांबी रुंदीपेक्षा एक ते दीड सेंटीमीटर जास्त भरली पाहिजे, कारण विणलेलं सूत पहिल्या धुण्यात रुंदीपेक्षा लांबीत जास्त आखडतं. कमी भरत असेल तर सहा ओळी आणखी करा.

वरची किनार: पहिली ओळ ६ सुलट, २ टाके एकत्र सुलट, ११ सुलट, २ एकत्र, ११ सुलट, २ एकत्र, ६ सुलट. परत ३७ टाके. मग पाच ओळी सुलट आणि टाके बंद. बंद करताना फार ढिलं सोडू नका, नाहीतर किनार फाकून पुन्हा तोच डमरू अर्ध्या आकारात दिसेल.

ओळ ६ नंतर आणि ओळ ३ च्या आधी टाके मोजायची सवय लावा. ४० असायला हवेत. साबुदाण्याच्या पट्टीत एखादा टाका चुकून एकत्र विणला गेला तर उंचवट्याच्या जागी उभी रेघ दिसते, ती लगेच पकडता येते. चार फेऱ्या झाल्यावर पकडली तर उसवायचा कंटाळा येतो.

आता पीळ घालण्याची रीत, कारण सुतात तीच बोटं दुखवते. केबल सुई म्हणून मोज्याच्या दुतोंडी सुयांपैकी एक घ्या, चालू सुईपेक्षा एक-दोन नंबर बारीक. लाकडी किंवा बांबूची असेल तर उत्तम, स्टीलवरून सुती टाके घरंगळतात. टाके केबल सुईवर घेतले की ती सुई लगेच ओढू नका. कामाच्या अगदी जवळ आडवी राहू द्या. पुढचे दोन टाके विणताना पहिल्या टाक्याचा धागा खेचायचा मोह होतो, मधली फट बुजावी म्हणून. तो आवरा. तिथे धागा खेचला की केबल सुईवरचे दोन टाके आवळतात आणि मग त्यांत सुई शिरत नाही. फट एक ओळ वर गेल्यावर आपोआप कमी होते. आणि पिळाच्या आधीची उलट बाजूची ओळ, म्हणजे ओळ २, केबलच्या चार टाक्यांपुरती जरा सैल विणा. एवढ्याने निम्मं दुखणं जातं.

केबल सुई न वापरता टाके सोडून उचलण्याची युक्ती लोकरीत छान चालते. सुतात ती टाळावी असं माझं मत. सुटलेला सुती टाका जागेवर राहतो हे खरं, पण धाग्याचे पदर पटकन सुटे होतात आणि उचलताना चारपैकी तीनच पदर सुईवर येतात. तो एक निसटलेला पदर नंतर वेणीवर उभा राहतो.

डाव्या कडेचा ढिला टाका तुमच्या हाताचा दोष नाही, तो सगळ्यांकडेच येतो. शेवटचा सुलट टाका विणून झाला की पुढच्या उलट टाक्यासाठी धागा मागून पुढे आणावा लागतो, आणि उलट टाका विणताना तो सुईवरून गोल फिरतो. एवढी जास्तीची लांबी त्या सुलट टाक्यात साठते. लोकर ती पोटात घेते, सुतात ती उघडी पडते. यावर दोन उपाय. सोपा असा: केबलनंतरचा पहिला उलट टाका विणून झाला की धागा एकदा नीट ओढून घ्या, मग दुसरा विणा. पहिला विणायच्या आधी ओढून काही उपयोग होत नाही.

त्याने भागलं नाही तर दुसरा. केबलनंतरचा पहिला उलट टाका विणताना धागा सुईवरून न घेता सुईखालून घ्या, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने. हा रस्ता आखूड आहे, त्यामुळे जास्तीचा धागा उरतच नाही. असा टाका सुईवर उलटा बसतो, उजवा पाय मागे. परतीच्या ओळीत तो सुलट विणताना त्यात मागून सुई घाला, म्हणजे तो सरळ होतो. विसरून पुढून विणलात तर त्याला पीळ पडेल. आकाश कोसळत नाही, पण ती उभी ओळ वेगळी दिसते. प्रत्येक सुलट बाजूच्या ओळीला हे करावं लागतं, एक सोडून एक केलंत तर ढिले-घट्ट टाके आलटून पालटून दिसतील.

ओळी मोजण्यासाठी: प्रत्येक पीळ घातला की त्या ओळीच्या कडेच्या गार्टर टाक्यात एक छोटी सेफ्टी पिन अडकवा. पिनेपासून वर पाच साध्या ओळी, मग पुन्हा पीळ. तिन्ही केबलना एकाच ओळीत पीळ असल्याने एक पिन पुरते. पीळ चुकीच्या दिशेला गेला आणि दोन-चार ओळी वर गेल्यावर कळलं, तर सगळं उसवू नका. फक्त त्या चार टाक्यांची शिडी पिळापर्यंत खाली सोडा, टाके बरोबर ओलांडून घ्या आणि क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा उचलत वर या. सुतात शिडीचे धागे स्वच्छ वेगळे दिसतात, त्यामुळे हे काम लोकरीपेक्षा सोपं जातं. आणि चुकलेला पीळ पहिल्या दोन फेऱ्यांतला असेल तर मी तसाच सोडीन. फडक्याची घडी कोण उलगडून बघतंय.

कडांच्या गार्टर टाक्यांबद्दल एक सावधगिरी. गार्टर विणीत तेवढ्याच उंचीला जास्त ओळी लागतात. साध्या विणीच्या २४ ओळी जिथे १० सेंटीमीटर भरतात तिथे गार्टरच्या ३६ च्या आसपास लागतात. म्हणून कडेची गार्टर पट्टी रुंद केली तर ती अंगापेक्षा आखूड पडते आणि फडक्याच्या दोन्ही बाजू वर खेचल्या जातात. तीन टाके पुरे. साबुदाणा वीणही साध्या विणीपेक्षा उंचीला आखूडच असते, त्यामुळे मधल्या पट्ट्या आणि कडा जवळपास बरोबरीने वाढतात. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलायची बऱ्याच जणींना सवय असते, कड साखळीसारखी सुबक दिसते म्हणून. सुती फडक्यात ते नको. दोन ओळींना एकच टाका कडेला येतो आणि ताण न देणारं सूत ती कड अजून आखडवतं. पहिला टाका सरळ विणून टाका.

टोकं लपवताना लोकरीची सवय विसरा. लोकर धुताधुता एकमेकींत गुंतते, सूत गुंतत नाही, उलट निसटतं. किमान १५ सेंटीमीटर टोक सोडा, सुईत ओवून गार्टर किनारीतून आठ-दहा सेंटीमीटर एका दिशेने न्या, मग एक टाका सोडून उलट फिरा आणि तीन-चार सेंटीमीटर परत आणा. शक्य असेल तर टोकाचे पदर दोन भागांत वेगळे करून एक भाग डावीकडे, एक उजवीकडे लपवा. गाठ मारू नका, ताट पुसताना ती खरवडते. नवीन गुंडी नेहमी कडेला जोडा, केबलच्या मध्ये नाही.

टांगायचं असेल तर एका कोपऱ्यात बारा साखळ्यांचा क्रोशाचा फास करून घ्या. कोपऱ्याने टांगलेलं फडकं एका टोकातून निथळतं आणि दांडीवर दुमडून टाकलेल्यापेक्षा लवकर वाळतं.

वापरण्याआधी एकदा गरम पाण्यात साध्या साबणाने धुवा. कोऱ्या सुतावर मेणचट थर असतो, त्यामुळे नवीन फडकं पाणी नीट टिपत नाही. दोन धुण्यांनंतर टिपायला लागतं. धुऊन पिळलं की हाताने चौकोन ओढून सपाट पृष्ठभागावर वाळवा, पहिल्यांदा तरी टांगू नका. टाचण्यांची गरज नाही. इस्त्री फिरवलीत तर वेण्या चपट्या होतील. गडद लाल किंवा निळा धागा असेल तर पहिली दोन धुणी वेगळी. कपडे मऊ करायचं कंडिशनर फडक्यांना घालू नये, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि पाणी पिणं कमी होतं. ओलं सूत कोरड्यापेक्षा मजबूत असतं, त्यामुळे आठवड्यातून एकदा पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळलं तरी फडक्याला काही होत नाही. ब्लीचने मात्र तंतू हळूहळू कच्चे होतात.

हळदीचा डाग पडणारच. साबण लावल्यावर तो लाल होतो, घाबरू नका. हळदीचा रंग साबणातल्या अल्कलीने लाल दिसतो, पाण्यात खळबळलं की परत पिवळा. डाग साबणापेक्षा उन्हाने जातो. ओलं फडकं दोन-तीन दुपारी कडक उन्हात टाका.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. फडकं नुसतं ताटं-पेले पुसायला असेल आणि हवा कोरडी असेल, म्हणजे नाशिक, पुण्याकडे किंवा विदर्भात, तर तीन केबलचा हा नमुना छान चालेल. समुद्रकाठी, घरात ऊन येत नसेल तर केबल मधोमध एकच ठेवा आणि बाकी सगळी साबुदाणा वीण घ्या. त्यातही पातळ हवं असेल तर केबल सुईशिवायची दोन टाक्यांची वेणी करा: दर चौथ्या ओळीला, सुलट बाजूने, डाव्या सुईवरचा दुसरा टाका आधी पुढून सुलट विणा पण सुईवरून सोडू नका, मग पहिला सुलट विणा आणि दोन्ही एकदम सोडा. दोनच टाके एकमेकांवर येत असल्याने कापड फार जाड होत नाही, रुंदीही नगण्य कमी होते, म्हणून टाके वाढवायची भानगड नाही. सुतावर केबल पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी आधी हीच करायला सांगते.

आणि आत्ता हातात असलेल्या त्या डमरूचं काय? एक-दोनदाच धुतलं असेल तर उसवा. सूत उसवताना तुटत नाही. वरच्या किनारीच्या टोकापासून सुरुवात करा, खुर्चीच्या पाठीला धाग्याची लडी गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा, भिजवून टांगा आणि खाली एखादा हलका चमचा अडकवा. वाळल्यावर वळणं बरीचशी सरळ होतात. धागा नव्यापेक्षा जरा दबलेला वाटेल आणि थोडा केसाळही, पण फडक्याला तो चालतो. जुन्या फडक्याचा आणि गुंडीत उरलेला धागा मिळून तुमच्याकडे ७० ग्रॅमच्या आसपास असायला हवा. त्यात हे एक फडकं होऊन २५ ग्रॅम उरतील. ७ नंबरच्या सुया तेवढ्या घेऊन या.